प्रश्न चौथा, गुण दहा

कलिन्याच्या तपासणी केंद्रात, तिसऱ्या मजल्यावर,
पंखा देईल तेवढीच हवा.
दर तीन मिनिटांनी एक विमान
इतकं खाली येतं
की गठ्ठ्यातली वरची उत्तरपत्रिका थरथरते.
तौलनिक साहित्य, पेपर सहावा.
सकाळपासून चाळीस झाल्या. ही एक्केचाळिसावी.
नावाच्या जागी बारकोड.

प्रश्न चौथा: मेणकार आणि मेणाची बाई
या पात्रांतील साम्यस्थळे सोदाहरण स्पष्ट करा.

आदर्श उत्तर डाव्या हाताला ठेवलंय.
दोघंही थंडीतच तगतात, दोघांनाही चुलीची भीती.
बर्फाचं वादळ म्हणजे मनातलं वादळ, एक गुण.
पहिल्याच पानावर विझलेली मेणबत्ती,
ही पूर्वसूचना, एक गुण.
पत्रात डायरी, डायरीत कबुली,
चौकटीत चौकट, दोन.
चाळीस जणांनी हेच लिहिलं,
एकाच गाइडातून, एकाच चुकीसकट:
मेणकाराचा झालेला मणेकर.
लाल पेनाने मी चाळीस मणेकर मारले.

एक्केचाळिसावी सुरू होते ती अशी:
'माझे वडील कुर्ल्याला दुकानांचे पुतळे बनवतात.'

विषयांतर, असं समासात लिहिलं
आणि वाचत राहिले.

'फायबरचे. धड वेगळं, डोकं वेगळं,
मनगटं भिंतीवर खिळ्याला.
आधी चेहरा नसायचा, नुसतं अंडं.
ताई गेली त्या वर्षी पप्पांनी नवा साचा केला.
कुणाला बोलले नाहीत.
ताईचं नाक लहानपणी पडून डावीकडे कललेलं,
साच्यातही ते तसंच.
पहिला माल दादरला गेला. मग ठाणे. मग उल्हासनगर.
आई साडी घ्यायला गेली ती
दुकानाच्या पायरीवरूनच परत आली.
आता दर लग्नसराईत ताई शालू नेसते.
सेलमध्ये तिच्या गळ्यात पन्नास टक्क्यांची पाटी असते.
रात्री शटर पडतं, तेव्हा ती आतल्या बाजूला असते.
कादंबरीतली बाई वितळते, म्हणून मेणकार सुटतो.
फायबर वितळत नाही.
एवढा फरक सोडला तर साम्य पूर्ण आहे.'

पहिल्या 'ताई'पुढे काहीतरी लिहून खोडलंय.
पेन दोनदा फिरवलंय दाबून,
पण पान उजेडाकडे धरलं
की पाठीमागून उलटी अक्षरं उमटतात:
हेमांगी.

नियम अकरा. ओळख पटेल असा मजकूर आढळल्यास
टेबलप्रमुखांच्या निदर्शनास आणावा.
पाटकर सर समोरच आहेत,
पुडीतले चणे मोजल्यासारखे खातायत.
मी पान उलटलं.

त्या बाईला अख्ख्या कादंबरीत नाव नाही.
केस आहेत, पापण्या आहेत, एकेक शिवलेली,
नाव द्यायचं मात्र राहून गेलं त्याच्याकडून.
की टाळलं त्याने?
नऊ वर्षं हा पेपर मी काढते आहे.
हे कधी विचारलं नाही.

दहापैकी किती?
साम्यं आहेत. उदाहरणं आहेत.
चौकटीबद्दल अक्षर नाही,
पण चौकट घातली आहे त्याने, किंवा तिने,
आणि तिच्या आत, खुर्ची ओढून, मी बसले आहे.
सात लिहिले. खोडून आठ केले.
खाडाखोडीपाशी आद्याक्षरं पुरतात.
मी पूर्ण नाव लिहिलं.

संध्याकाळी बस सोडली, कुर्ल्याच्या बाजारातून चालत निघाले.
काचेमागे काच. हात कमरेवर, हात हवेत,
एकीला तर हातच नाही, ओढणीखाली झाकलंय.
सहाव्या की सातव्या दुकानात
मोरपंखी साडीतली एक,
नाक किंचित डावीकडे.
कदाचित काचेचाच दोष असेल.

'हाच पीस दाखवू का मॅडम?'
पोरगा बाहेर आला, कपाळ पुसत.
मी विचारलं, केवढ्याला?
तो साडीची किंमत सांगायला लागला.